पात्यावरचा आकडा

गिअरबॉक्सच्या तेलाचा वास आला की मिरकरवाड्यातलं ते गॅरेज आठवतं. ऑटोमॅटिक गाडीच्या क्लच प्लेटा भरून झाल्या होत्या, वरची फट तेवढी मोजायची होती. ती जास्त राहिली तर गाडी घाटात दगा देणार, आणि आईला कोल्हापूरला दवाखान्यात न्यायचं म्हणून गिऱ्हाईक दारातच उभं. माझ्या उस्तादांनी जाडीचे आकडे कोरलेल्या गेजचं एक पातं डोळे बारीक करून निवडलं आणि फटीत सरकवलं. “बरोबर आहे, बंद कर.” पातं नको तेवढं जाड होतं, म्हणजे फट जास्त होती; मला लांबूनही दिसलं. पण परक्या माणसासमोर बोलायचं कसं? “उस्ताद, माझाही हात बसू दे, एकदा मोजू?” गेज देताना ते पुटपुटले, “आकडा मोठ्यानं वाचू नको.” मी गुपचूप जाड प्लेट घातली. आता चष्मा लावूनही तेच आकडे मला पुसट दिसतात, आणि गॅरेजातल्या जोडीदाराला मी अजून सांगितलेलं नाही.