नकार की आढेवेढे

सरकारी भाषांतर विभागातल्या त्या बाईंना सगळे डिक्शनरीबाई म्हणत. स्वतःच्या लग्नपत्रिकेतल्या चुकाही त्यांनी लाल पेनाने दुरुस्त केल्या होत्या, अशी त्यांची चेष्टा होई, आणि ते खरंच होतं. बावीस वर्षांत त्यांचा एकही कागद परत आला नव्हता.

एका सोमवारी इस्पितळातून एका परदेशी सर्जनचं इंग्रजी पत्र भाषांतराला आलं. एका नर्सची चौकशी चालू होती. रुग्णाला औषधाचा दुसरा डोस द्यायला सांगितल्यावर ती ‘डिमर्ड’, असं सर्जनने लिहिलं होतं. हा शब्द बाईंनी आयुष्यात दोनदा पाहिला असेल-नसेल. साहेबांची घाई चालली होती. बाईंनी टेबलावरचा छोटा कोश उघडला, त्यातलं उतरवलं, ‘नकार दिला’, आणि कागद पाठवून दिला.

जेवणाच्या सुट्टीतही तो शब्द डोक्यातून जाईना. त्यांनी कपाटातला जाडजूड कोश काढला आणि जवळजवळचे शब्द ताडून पाहिले. रिफ्यूज म्हणजे सरळ नकार. हेझिटेट म्हणजे मनातल्या मनात घुटमळणं. ऑब्जेक्ट म्हणजे ठणकावून हरकत. डिमर या तिघांच्या मधलं कुठलंतरी: आढेवेढे घेणं, शंका बोलून दाखवणं. शेवटी काम केलं की नाही, हे त्या शब्दात येतच नाही.

बाईंनी साहेबांना चूक सांगितली. ते म्हणाले, चूक कबूल केलीत तर तुमचे जुने कागदही उकरतील. घरी नवऱ्याने समजूत घातली, की एवढ्याशा शब्दाकडे कोण बघतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कचेरीत न जाता थेट इस्पितळातल्या चौकशीच्या खोलीत गेल्या. दारावर टकटक करायचीही राहून गेली. आत नर्सच्या नोकरीचा निकाल लागत आला होता. डोस दिल्याची नोंद रुग्णाच्या तक्त्यावर होती, पण पत्रात नकार म्हटल्यामुळे ती मागाहून घुसडलेली ठरत होती.

“शब्द माझा चुकलाय,” बाई म्हणाल्या. “तिने नकार दिला, असं डॉक्टरांनी म्हटलेलंच नाही.”

चौकशी समितीच्या अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. “मग काय म्हटलंय?”

“तिने शंका काढली. पुढचं पत्रात नाही.”

तेव्हा कुठे कोणीतरी नर्सला विचारलं. रुग्णाला पहिल्या डोसनंतर पुरळ उठलं होतं, म्हणून तिने आधी सर्जनला विचारलं होतं. त्यांनी पुन्हा सांगितल्यावर, बारा मिनिटांनी, डोस दिला होता. सर्जनला फोन लावला. त्यांनीही तेच सांगितलं.

नर्सची नोकरी राहिली. बाईंना मेमो मिळाला, आणि त्यांचे पाच वर्षांचे कागद दुसऱ्या भाषांतरकाराकडे तपासायला गेले. दोन महिने शिपाई फाईल घेऊन दारात दिसला की त्या हातातलं पेन खाली ठेवायच्या. अखेर दोन चुका निघाल्या, दोन्ही किरकोळ. साहेब हसून म्हणाले, सुटलात. बाईंनी मात्र ते दोन कागद मागून घेतले आणि त्यातली माणसं कोण होती ते आधी वाचलं.