निसर्गवाटेसाठी सहा नावं

"बाई, ही पोरं तुमच्याच समाजाची. तुमचं ऐकतील. मागची घाण त्यांच्याकडून काढून घ्या."

हेडमास्तर भर स्टाफरूममध्ये बोलले. एकाही शिक्षकानं मान वर केली नाही. हिंगणघाट तालुक्यातल्या त्या शाळेत मी विज्ञान शिकवायची. नोकरी अजून कायम व्हायची होती. त्यांनी पुढं केलेली नावांची यादी मी हातात घेतली.

आवारात निसर्गवाट करायची, ही कल्पना माझीच. झाडाझाडाला नावाची पाटी, मधून पायवाट. पोरांनी चालता चालता शिकावं. पण वाट मागच्या भिंतीला लागून जाणार होती, आणि तिथं गावातली माणसं परसाकडे बसत. ती जागा साफ करायला सहा नावं. सहाही बौद्ध मोहल्ल्यातली.

नववीच्या वर्गात यादी मीच वाचली. एक मुलगी उभी राहिली.

"बाई, आमचंच नाव काऊन?"

"चूप बस," मी म्हटलं.

ती बसली. मग सहाही जण फावडी, टोपली घेऊन गेले.

बाकीची पोरं सावलीत पाट्या रंगवत होती. कडुनिंब. पळस. मोह. मी व्हरांड्यात उभी. बऱ्याच वेळानं ती मुलगी हात धुवायला बादलीजवळ आली. पाटी रंगवणारा एक पोरगा ओरडला, "ए, तिकडंच राह्य! बादलीले हात नको लावू!"

ती थांबली. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

मी पायऱ्या उतरले. बादली उचलून तिच्यापुढं ठेवली.

"घाल हात."

तिनं घातले. मी बाकीच्या पाचांना फावडी खाली ठेवायला सांगितलं आणि तशीच हेडमास्तरांकडे गेले.

"यादी बदला. हजेरीपटाच्या क्रमानं नावं घ्या. सगळ्यात आधी मी जाते."

"तुमची कायम व्हायची ऑर्डर निघायची आहे, बाई. लक्षात आहे ना?"

"आहे."

"मग कायले पेटवून राह्यल्या?"

"यादी बदला."

त्यांनी बदलली नाही. मजूर लावून जागा साफ केली. उद्घाटनाला मला बोलावलं नाही. जूनमध्ये ऑर्डरही निघाली नाही.

मी वर्ध्याला जाऊन शिक्षण खात्यात अर्ज दिला. सोबत यादी जोडली, हेडमास्तरांच्या अक्षरातली. खाली लिहिलं, ही यादी वर्गात मी वाचली, आणि विचारणाऱ्या मुलीला मीच गप्प केलं.

कारकुनानं अर्ज वाचला.

"शेवटचं काढून टाका, बाई. तुमीच फसान."

"नाही काढणार. शिक्का मारा."