परत फेकलेला चेंडू

इथे अमेरिकेत बेसबॉलचा चेंडू प्रेक्षकांत आला, की ज्याच्या हाती लागेल त्याचा. पण तो प्रतिस्पर्ध्याने मारलेला असेल, तर आमच्या शहरात तो मैदानात परत फेकायचा. ठेवून घेणारा फितूर!

काल जन्माच्या वैऱ्यांसमोर मालिकेतला दुसरा सामनाही आमच्या हातून निसटत होता. आमच्या गोलंदाजाची पिसं काढणाऱ्यांचा एक टोला थेट माझ्या शेजारच्या अनोळखी आजोबांच्या हातात आला.

"परत फेका!" सगळा स्टँड ओरडला.

आजोबांनी पिशवीत हात घातला आणि चेंडू भिरकावला. टाळ्यांचा नुसता कडकडाट! फेकलेला चेंडू जुना, मळका होता, हे फक्त मला दिसलं.

"जन्मभर वाट पाहिली हो याची," पिशवी थोपटत ते पुटपुटले.

एवढ्या निष्ठावंतांत असे जुने चेंडू घेऊन येणारे किती असतील? ते लबाड, की वैर आणि हौस दोन्ही सांभाळणारे शहाणे?

आज शेवटचा सामना. निघताना मी बॅगेत एक जुना चेंडू टाकला.

"हा कशाला?" बायकोने विचारलं.

काय सांगणार? वैऱ्यांनी आज एखादा उंच टोला माझ्या दिशेने मारावा, असं मला वाटत होतं.