जत्रेच्या दिवसांतला अक्कांचा हॉल

सुगुणाक्का गेल्याचं मी त्यांच्या भाच्याला फोनवर सांगितलं आणि त्याने पुढच्याच वाक्यात विचारलं, "घराची एक किल्ली तुमच्याकडे असते ना?" माणूस वाईट नाही. बंगळूरहून धावतपळत यायचं, सगळं उरकायचं, तर किल्लीच आधी सुचणार. पण मला राग आला तो आला, आणि इतके आठवडे झाले तरी गेलेला नाही.

चेन्नईत टी. नगरच्या मागच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर. मी नवऱ्याच्या बदलीबरोबर साताऱ्याहून आलेली. अक्का तंजावरच्या मराठी घरातल्या, पिढ्यान्पिढ्या इथल्याच, सरकारी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये फुकट शिकवणी चाले, ती गलाईवाल्यांच्या मुलांसाठी. सांगलीकडची ही माणसं इथल्या दागिन्यांच्या दुकानांमागे जुनं सोनं वितळवून शुद्ध करतात. मुलं सरकारी शाळेत तमिळमधून शिकतात, आईबापांना मात्र शाळेच्या फाटकाचीही भीती. पुस्तकं, गणवेश, दुपारचं जेवण, बसचा पास, सगळं फुकट मिळतं हे कित्येकांना ठाऊकच नव्हतं, आणि ज्यांना कळलं त्यांचा विश्वास बसेना. फुकट देतात म्हणजे काहीतरी खोट असणार, हे आपल्या लोकांचं ठरलेलं. अक्का एकेका बापाला ओढून पालकसभेला नेत. "शाळा तुमचीच कि. भ्यायाचें कशाला? अस्के चला," त्या म्हणत. अस्के म्हणजे सगळे, हे कळेपर्यंत लोक हसायचे. "अक्का, ही कुठली मराठी?" तानाजी नावाच्या गलाईवाल्याने एकदा विचारलं. "तुझ्या आज्याच्या आज्याची," अक्का म्हणाल्या आणि त्याच्या रूपालीचं गणित तपासायला लागल्या.

एकाच गोष्टीपुढे त्यांनी हात टेकले होते… गावची जत्रा. पालखीच्या दिवसांत भट्ट्या थंड करून ही माणसं पोराबाळांसकट गावी जातात, आणि नेमकी तेव्हाच इथे परीक्षा. देव कोपेल, यावर अक्का वाद घालत नसत. "तुम्ही जा, नवस फेडा. पोरीला मजकडे ठेवा," एवढंच म्हणत. एकट्या बाईचं घर, म्हणून बापही ठेवत. त्या दिवसांत हॉलमध्ये मुली ओळीने झोपलेल्या असायच्या. सकाळी अक्का सगळ्यांना इडल्या खायला घालत, वेण्या घालत आणि शाळेच्या दारापर्यंत सोडून येत.

यंदा रूपालीची दहावी होती. पुढे विज्ञानाला जायचं, असं दोघींनी ठरवून टाकलं होतं. परीक्षेच्या तोंडावर अक्का झोपेतच गेल्या. गलाईवाले सगळे आले, धाय मोकलून रडले, आणि मग गावच्या गाडीत बसायची तयारी करू लागले. मी तानाजीला म्हटलं, पोरीला माझ्याकडे ठेव. त्याने मान खाली घातली. "काकू, तुमचा भरोसा हाय आमाला. पर तुमच्यात काका हायत, तरणा पोरगा हाय. गावात कुनी इचारलं तर काय सांगू?" माझा पोरगा घरी आला की मोबाइलमधून मान वर काढत नाही, पण हे पटवायचं कुणाला? इथे पेपर चालू होते तेव्हा रूपाली गावी पालखीमागे चालत होती.

पेपर बुडाले, आता बिऱ्हाड कशाला, म्हणून तानाजीने इथली भाड्याची खोली सोडली, मायलेकींना गावीच ठेवलं आणि एकटा परत येऊन भट्टीवर झोपू लागला. मी माझ्या मोडक्या तमिळचं गाठोडं घेऊन शाळेत गेले. तिथल्या बाई चांगल्या होत्या. पुरवणी परीक्षा आहे, राहिलेल्यांसाठी शाळेतच फुकट वर्ग आहेत, लगेच पाठवा म्हणाल्या. मी तानाजीला गाठलं. "फुकट हाय ते ठावं हाय आता," तो म्हणाला. "शाळेची भीती बी अक्कांनी घालवली. पर ऱ्हाणार कुठं ती? अक्कांसारखी एकटी बाई बघा एखादी, लगीच आणतो. न्हाईतर स्थळं येत्यात, तिची आई काय थांबायची न्हाई." मी गल्ली पालथी घातली. तशी बाई मिळाली नाही. सरकारने सगळं फुकट ठेवलं आहे, आणि एका पोरीला पाठ टेकायला जागा नाही… मला फार हताश वाटतं.

भाच्याने घर साड्यांच्या दुकानाला गोदामासाठी दिलं. परवा दुपारी मी किल्ली द्यायला गेले तेव्हा हॉलमध्ये हमाल साड्यांची खोकी रचत होते. मुली भिंतीला टेकून बसायच्या, तिथे त्यांच्या तेलकट डोक्यांचे डाग ओळीने तसेच होते. ते बघत उभी असताना फोन वाजला. रूपाली होती, आईच्या फोनवरून.

"काकू, अक्कांचं घर रिकामंच हाय ना अजून? असंल तर वडलांना इचारून बघते. मी एकटी ऱ्हाईन तितं, मला भ्या न्हाई वाटत."

हमालाने एक खोकं भिंतीला लावलं, त्याच्यावर दुसरं चढवलं. डाग दिसेनासे झाले.

"नाही गं बाळ," मी म्हटलं. "भरलं."

ती बरं म्हणाली.