झाकलेला डबा

पेजेला जात नसते, पातळ नायतर घट्ट एवढंच असतं, असं यमुनाबाय म्हणायची. म्हणायची पाळीच तशी आली होती. मिरकरवाड्याच्या बंदरातून गेलेली होडी तिच्या नवऱ्याला न घेता परत आली, आणि वर्षभरात ती चर्चच्या दवाखान्यात झाडू-फडक्याला लागली. तेव्हा वाडीतल्या झाडून सगळ्यांनी एकेकदा विचारून घेतलं, "बाटलीस काय गो?" पहिल्या दहा-बारा जणांना ती सरळ उत्तर देत असे. मग कंटाळून पेजेचं सांगायला लागली.

बाटवायचं तर सोडाच, दवाखान्यातल्या सिस्टर फिलोमिनांनी तिला कधी प्रार्थनेलासुद्धा बोलावलं नाही. त्या वसईकडच्या, उंच, हाडापेराने मजबूत. बोलणं पुस्तकातल्यासारखं नेटकं. दवाखान्यात येणारी म्हातारी माणसं औषधापेक्षा भुकेने जास्त आजारी असतात, हे पहिल्यांदा त्यांच्या ध्यानात आलं. मुलं मुंबई-पुण्याला, घरात चूल पेटवायला कोणी नाही, आणि हात पसरायचा तर सात पिढ्यांचं नाव आडवं येतं. सिस्टरांनी दवाखान्यामागच्या खोलीत चूल मांडली, उकड्या तांदळाची पेज शिजवायला यमुनाबायला बसवलं, आणि पहिल्याच दिवशी एक नियम घालून दिला.

"डबा नेहमी झाकून न्यायचा, यमुना. वाटेत कुणी विचारलं तर 'माझ्या घरचा आहे' म्हणायचं. मिशनचं नाव घ्यायचं नाही. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, असं आमचा प्रभू सांगतो."

यमुनाबायला प्रभूचं फारसं ठाऊक नव्हतं, पण हे तिला पटलं. तिची आईही शेजारणीला भाजी द्यायची ती पदराखालूनच.

वीस वर्षं ती अशी वाडीतल्या पाखाड्या, त्या दगडी पायऱ्यांच्या वाटा, चढली-उतरली. दोन्ही हातांत पिशव्या, पिशव्यांत अकरा डबे, वर फडकं. कोणाला पेजेबरोबर भाजलेली सुकट लागते, कोणाला नुसतं मीठ, कोण घास तोंडात धरून ठेवतं आणि त्याला गिळायची आठवण करून द्यावी लागते, सगळं तिला तोंडपाठ.

अकरावा डबा भास्कर गुरुजींचा. वरच्या पाखाडीला, कुंपणाला जांभ्या दगडाचा बुटका गडगा आणि गडग्याला लागून जायफळाचं झाड असलेलं घर. अर्ध्या गावाने गणित त्यांच्याकडून घेतलेलं, त्यातल्या निम्म्यांनी त्यांच्या हातची छडीही. बायको गेली, पोळ्या करणारी बाई गेली, गुडघे गेले. लेक वैदेही पुण्याला. ती दर रविवारी फोन करी आणि गुरुजी दर रविवारी तिला सांगत, की पोळीवाली येते, सगळं उत्तम चाललंय. खरं सांगितलं तर ती गाडी घेऊन येईल आणि आपल्याला चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवील, ही त्यांची धास्ती. मरायचं तर ह्या पडवीत, एवढीच त्यांची आता इच्छा उरली होती.

अशा माणसाला पेज द्यायची कशी? यमुनाबायने पहिल्या दिवशी गडग्यापाशी उभं राहून हाक दिली होती. "गुरुजी, घरात वायच जास्त झाली. टाकवत नाय. घ्याल काय?"

गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. "ठेव. अन्न टाकायचं पाप कशाला?"

त्यानंतर सहा वर्षं तिच्या घरात रोज वायच जास्त होत आली. ती मिशनच्या चुलीवर काम करते हे गुरुजींना माहीत होतं, त्यांना माहीत आहे हे तिला माहीत होतं. ते दोघं सोडून तिसऱ्याचं त्यात काही काम नव्हतं.

आणि डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही तर घराघरांतली रीत. दुसऱ्या दिवशी डबा गडग्यावर धुऊन ठेवलेला असे आणि आत काहीतरी असे. एखादं जायफळ, चार कोकमाची सोलं, दोन बेडी सुपाऱ्या. पावसाळ्यात काहीच हाती लागलं नाही तर तुळशीची पानं. एकदा नुसती नवीकोरी शिसपेन्सिल होती. यमुनाबाय ते सगळं घरी नेई. तिच्या मांडणीवर जायफळांची एक बरणी भरून गेली होती. वापरायचं मात्र तिच्या जिवावर यायचं.

गेल्या श्रावणात गुरुजींचे पाय सुजले. चालवेना. मिशनचे डॉक्टर मुंबईला गेलेले. सिस्टर म्हणाल्या, "फोनवर फोटो काढून आण. ते कसे बसतात तेही दिसू दे, पाय दिसू देत. मी डॉक्टरांना पाठवते."

गुरुजी ऐकेनात. "उघडाबंब फोटो कसला काढतेस गो? काय लग्न ठरवतेयस माझं?"

"ठरवीन तर काय, हुंडाच जास्त मागाल तुमी. गप बसा. डाक्टरशिवाय कोण बघायचा नाय. माझ्या गळ्याची आण."

ते बसले. फाटका बनियन, मांडीवर पेजेचा वाडगा, पुढे पसरलेले ते भोपळ्यासारखे पाय. फोटो गेला, गोळ्या आल्या, महिन्याभरात सूज उतरली. त्या आठवड्यात डब्यात तीन जायफळं होती.

मोहोर फुटायच्या सुमाराला सिस्टरांची नाशिकला बदली झाली. वय झालं होतं, आता त्यांना विश्रांतीच्या घरात राहायचं होतं. निरोपाचा समारंभ ठरला, पाहुणे येणार होते. यमुनाबायला स्टेजवर साडी द्यायचं ठरलं होतं आणि त्याची तिला आठवडाभर लाज वाटत होती.

समारंभाच्या आदल्या दिवशी ती सकाळी कामाला आली तर फाटकावर हा एवढा थोरला फ्लेक्स. मधोमध हात जोडलेल्या सिस्टर. वर लाल अक्षरात लिहिलेलं होतं, 'निराधारांच्या मुखी घास: सेवेची वीस वर्षे'. आणि उजव्या अंगाला बसलेले भास्कर गुरुजी. फाटका बनियन, वाडगा, पाय.

चौथीपर्यंत शिकलेली यमुनाबाय. 'निराधार' हा शब्द तिने दोनदा वाचला. आपण चुकीचा वाचतोय अशी तिला आशा होती.

ती तडक फादरांकडे गेली. ते नवे, दोन वर्षांपूर्वी आलेले. गडबडीत होते. म्हणाले, "मी कुठून आणणार तो फोटो? सिस्टरांनीच दिला. कुठला लावायचा तेही त्यांनीच सांगितलं."

सिस्टर खोलीत ट्रंक भरत होत्या.

"शिस्टर, तो फोटो डाक्टरसाठी होता."

सिस्टरांनी घडी घातलेला झगा पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली. "चेहरा इतका स्पष्ट येईल असं वाटलं नव्हतं, यमुना."

"चेहरा नसता तर पाय हायत. पाय वळखत नाय काय गाव?"

"दोन दिवसांचा प्रश्न आहे. मग काढतील."

"झाकून न्यायचा म्हणालात. वीस वर्षं मी झाकून नेला. खोटं बोललंय मी तुमच्यासाठी दारोदार."

सिस्टर ट्रंकेच्या कडेवर बसल्या. आवाज पुस्तकातला राहिला नाही. "एकदा दिसावं असं वाटलं गं. नाशिकला जाऊन मी नुसती बसणार आहे. इथे कुणाला कळणारसुद्धा नाही मी काय केलं ते."

यमुनाबायला त्यांची दया आली असती. दुसऱ्या कुठल्या दिवशी आली असती. "दिसलात तुमी," ती म्हणाली. "लय दिसलात."

चुलीपाशी नारळ सोलायची कोयती होती. ती घेऊन ती फाटकाशी गेली, स्टूल लावलं, आणि गुरुजींच्या भोवतीचा चौकोन कापून काढला. बाकी फ्लेक्सला तिने हात लावला नाही. सिस्टर दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी अडवलं नाही. यमुनाबायने तुकड्याची गुंडाळी केली, पिशवीत कोंबली, आणि अकरा डबे घेऊन नेहमीसारखी निघाली.

पण पाखाडीवर तिच्याआधी बातमी चढली होती. शेजारचा अनिल, कचेरीतून रिटायर झालेला, आदल्याच संध्याकाळी बाजारातून येताना फ्लेक्सचा फोटो काढून घेऊन आला होता. गुरुजींना दाखवला तो कौतुकाने की कशाने, त्यालाच ठाऊक. मग तो वाडीच्या ग्रुपवर टाकला आणि तिथून तो पुण्याला पोचला.

गुरुजी पडवीत बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. यमुनाबायने गुंडाळी काढून पुढे धरली. "कापून आणला, गुरुजी. आता नाय तिथं."

"भोक राहिलं असेल ना?" गुरुजी म्हणाले. "ते बघून लोक विचारतील, इथे कोण होता? मग सांगणारे सांगतील."

"मला ठाव नव्हतं. माझ्या गळ्याची आण."

"तुझ्या गळ्याची आण श्रावणातच घेऊन झाली आहे."

गुरुजी जायफळाच्या झाडाकडे बघत राहिले. "वैदेहीचा फोन आला होता. रविवारी येते आहे गाडी घेऊन. म्हणाली, बाबा, मी मेले होते काय, तुम्ही निराधार व्हायला? तिला काय उत्तर देणार मी?"

"मी सांगतंय तिला. माझ्या घरची पेज होती म्हणून सांगतंय."

"नको," ते म्हणाले. "आता तू खोटं बोललीस तर ते नुसतं खोटंच होईल."

डबा ठेवू की नको, हे विचारायची तिची छाती झाली नाही. गडग्यावर ठेवून ती उतरली. समारंभाच्या दिवशी ती हॉलकडे फिरकली नाही, वरच्या पाखाडीलाही गेली नाही. तिची साडी कोणीतरी चुलीवरच्या फळीवर आणून ठेवली, ती तिथेच राहिली.

शनिवारी पहाटे तिने स्वतःच्या घरात तांदूळ धुतले. मिशनचे नव्हेत, आपल्या डब्यातले. स्वतःच्या चुलीवर पेज केली, मुद्दाम वायच जास्त केली, आणि तेवढा एकच डबा घेऊन पाखाडी चढली. आजची तरी खरोखर माझ्या घरची, असं सांगायचं तिने वाटभर घोकलं होतं.

दार लावलेलं होतं. आत ट्रंका ओढल्याचा आवाज येत होता. गडग्यावर परवाचा डबा ठेवलेला होता.

तिने झाकण काढलं. पेज खाल्लेली होती. डबा घासून, पुसून, लखलखीत केलेला. आत काहीच नव्हतं. झाडाखाली दोन जायफळं फुटून पडली होती, लाल जायपत्री उघडी पडलेली. वाकलं तर हाताला लागतील अशी.

यमुनाबायने नवा डबा रिकाम्याच्या जागी ठेवला. रिकामा पिशवीत घातला, त्यावर सवयीने फडकं टाकलं, आणि मग ते फडकं काढून घेतलं.