बांधावरचा निवडुंग

भिकाबाईशी वैर घेतलेला माणूस सुखानं जेवला नाही, असं शिरड शहापूरच्या शिवारात म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. अंगानं काडी, पदरी चाळीस मेंढ्या, आणि डोक्यात बसलेली गोष्ट मरेपर्यंत न विसरायची खोड.

शेजारचं वावर तिच्या दिराचं, पुंजाजीचं. नवरा नामाजी गेला तेव्हा तिनं त्याला आपल्या वावराच्या कडेलाच माती दिली आणि वर एक दगड रोवला. पुंजाजी दर साली नांगरताना बांध नांगराच्या दोन तासांइतका, दोन रेघा आत, कोरायचा. चौऱ्याण्णव साली कोरत कोरत दगडापर्यंत आला, तर मेल्यानं तोही उपटून ओढ्यात फेकला. सख्ख्या भावाचा दगड! भिकाबाई रडली नाही. माळावर गेली, फड्या निवडुंगाची पानं तोडून आणली आणि उरल्यासुरल्या बांधावर रोवली.

त्याला ना पाणी लागलं, ना राखण. दोन उन्हाळ्यांत तो कंबरेला आला. बैलांना काटे बोचू लागले तसा पुंजाजी तणतणू लागला. भिकाबाई मुद्दाम त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, हात नका लावू. तुमच्यानं न्हाई निघायचं ते."

झालं, गडी पेटला. कुऱ्हाडीनं सारं तोडलं, वरून वखर फिरवला. तुकडे वावरभर पसरले. वाळून खत होईल, असं त्याला वाटलं. पण निवडुंग कळतो मेंढपाळाला. दुष्काळात काटे भाजून मेंढ्यांना चारताना भिकाबाईनं पाहिलं होतं, की महिनाभर उन्हात पडलेला तुकडाही मातीला टेकला की मूळ धरतो. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

पुढच्या आषाढात पुंजाजीच्या वावरात पिकाआधी निवडुंग उगवला. तोडावा तेवढा वाढे. तिसऱ्या साली बैल आत पाय घालीनात, तेव्हा तो तिच्या दारात येऊन बसला. काहून असं केलं, हे विचारायला त्याला तोंड नव्हतं. उपाय तेवढा विचारला.

"बांध जुन्या जागी घाला. आन् माजा दगड आना. मंग काटे भाजून मेंढ्या सोडते. समदं खातील."

बांध चार दिवसांत झाला. दगडासाठी पुंजाजी ओढ्यात उतरला आणि शोधून एक डोक्यावर घेऊन आला. भिकाबाईनं तो नीट निरखला आणि नाही म्हणाली. दुसरा आणला, तोही नाही. असे अकरा दगड त्यानं भर गावातून वाहिले. मान आखडली, गुडघे सोलले, बघ्यांची करमणूक झाली. बारावा आणायला निघाला तेव्हा तिनं थांबवलं आणि पहिल्या दगडावर हात ठेवला.

"ह्योच. कोपऱ्याचा टवका बगा. पयल्याच दिशी वळखला व्हता मी."

पुंजाजीनं मान खाली घातली आणि भावाच्या उशाशी खड्डा खणायला घेतला.