बंगल्यापुढचा पदर

गंगापूरहून शहराकडं येणाऱ्या जीपमध्ये ती बहुतेक रोज माझ्याशेजारी असायची. मांडीवर मेथीची पाटी, उतरायचं छावणीच्या बाजारात. वाटेत जुन्या आमदाराचा बंगला लागला की ती डोक्यावरचा पदर सावरायची. मतदारसंघांची फेररचना झाली तेव्हाच तिचं गाव शेजारच्या मतदारसंघात गेलं होतं. हाताची सवय मात्र गेली नव्हती.

एकदा मी विचारलं, "मावशी, तुमच्या नाल्यावरच्या पुलाचं काय झालं?"

"जुना म्हणतो, तुमचं गाव आता माझ्यात नाय. नवा म्हणतो, तुम्ही तर त्याचीच माणसं. नाल्याला पाणी आलं की आमी बसतो घरात."

हे ती मेथीवर पाणी शिंपडत सांगत होती, भाजीचा भाव सांगावा तसं.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी तिच्या बोटावर शाई दिसली आणि मला रागच आला. "एवढं होऊन कशाला गेलात मत द्यायला?"

"आमी गेलो नाय तर त्या दोघांना वाटंल, तिथं कुणी ऱ्हातच नाय."

तेवढ्यात बंगला आला. तिनं त्याच शाईच्या हातानं पदर सावरला, आणि माझ्याकडं बघून जराशी ओशाळली.